सुवेलिमने पुसलेली वाळू

रास सय्यालच्या किनाऱ्यावर रात्री सात शेकोट्या पेटतात. आठवी पेटवायची नाही, हा सुवेलिमचा नियम आहे. वीज वरच्या रस्त्यापर्यंत आलेली आहे. खाली त्याने ती येऊ दिलेली नाही. दोन शेकोट्यांमधले अंतर त्याने पावलांनी ठरवले आहे. एकीवरचे हसणे दुसरीवर ऐकू यावे, पण कशाला हसले ते कळू नये, एवढे.

सुवेलिम एकसष्ट वर्षांचा आहे. सिनाईच्या वाळवंटातल्या बाकी बदूंसारखाच बारीक, काळसर, थोडा वाकलेला. खजुरीच्या झापांच्या बारा खोपी आणि एक चुलाण, एवढाच त्याचा संसार. बायको फ्रेजा स्वयंपाक बघते. तो चहा करतो, निखाऱ्यांत भाकरी पुरतो आणि गप्प बसतो. काहिरा, इस्कंदरिया, मन्सूराहून पोरे-पोरी येतात. ती लग्न झालेली असतात, नसतात. कोणी विचारत नाही. अकरानंतर आमच्या नुवैबा गावचे लोक येतात. शाळेतले मास्तर, टॅक्सीवाले, बंदरातले कारकून. कोणाकडे बाटली असते, कोणाकडे सिमसिमियाची पाच तारांची पेटी. बायकांची शेकोटी दक्षिणेच्या टोकाला, खडकाच्या आड. तिथून जे हसू येते ते त्यांच्या घरांतून कधी ऐकू येत नाही.

लोक इथे का येतात हे सुवेलिमला कोणी विचारले तर तो म्हणतो, "समुद्र आहे ना." ते खरे नाही. समुद्र शर्मलाही आहे, दहबलाही आहे. लोक इथे येतात ते पहाटेच्या कामामुळे.

सूर्योदयाआधी तासभर सुवेलिम उठतो. एका हातात खजुरीचे झाप, दुसऱ्या हातात कंदील. उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या खडकापर्यंत, चारशे पावले, तो सगळी वाळू पुसून काढतो. कोण कुठून आले, कुठे बसले, कोणाच्या खोपीपर्यंत गेले, सगळे जाते. उजाडते तेव्हा किनारा कोरा असतो.

परक्यांना हे स्वच्छतेचे वेड वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. बदूंच्या मुलाला अक्षरे येण्याआधी माग वाचता येतो. आपल्या शेळीचा खूर शेजाऱ्याच्या शेळीच्या खुरापासून तो सहाव्या वर्षी वेगळा ओळखतो आणि बाराव्या वर्षी माणसाची चाल. न पुसलेली वाळू म्हणजे सकाळी चौकात लावलेला कागद. सुवेलिमच्या किनाऱ्यावर तो कागद रोज फाडला जातो, म्हणून लोक तिथे मोकळे बसतात.

तो कंदील मात्र अगदी खाली धरतो, जमिनीपासून वीतभर. काच पायात जाऊ नये म्हणून, असे सांगतो. आडव्या उजेडात माग सर्वांत स्पष्ट दिसतो हे इथल्या कोणालाही माहीत आहे. पण सुवेलिम वाचत नाही, नुसते पुसतो, असे तो म्हणे आणि सगळ्यांना ते मानणे सोयीचे होते.

त्याचा बाप रुशैद माग काढणारा होता. टोळीच्या न्यायात त्याचा शब्द साक्षीपुराव्याच्या वर धरला जाई. चोरलेल्या उंटिणीचा माग त्याने एकदा नऊ दिवस काढला. मधे वादळ झाले तरी सोडला नाही. तीन कोरड्या ओढ्यांपलीकडचे लोक त्याला बोलवायला येत. मग एका हिवाळ्यात असा वाद आला की एक बाई रात्री विहिरीकडे गेली ती एकटी नव्हती. नवऱ्याच्या माणसांनी माग दगडांनी झाकून ठेवला होता. न्याय करणाऱ्याने रुशैदला पाचारण केले. रुशैदने दगड उचलले, पाहिले, आणि सांगितले की बाईच्या शेजारी पुरुषाचा माग आहे, जातानाही आणि येतानाही. ती बाई त्याची थोरली मुलगी होती.

तिला माहेरी पाठवले. पुढची एकोणीस वर्षे ती बापाच्याच तंबूच्या मागच्या बाजूला राहिली आणि तिथेच वारली. तो न्याय झाला तेव्हा सुवेलिम चौदा वर्षांचा होता. दगड उचलताना बापाचा हात थरथरला नाही, एवढेच तो या गोष्टीबद्दल सांगतो. बाप गेल्यावर त्याला तीनदा मागासाठी बोलावणे आले. तिन्ही वेळा त्याने सांगितले, डोळे अधू झालेत.

इन्शिराह ऑगस्टमधल्या एका मंगळवारी आल्या. वय सत्तावन्न, तन्ताच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवलेला, नवरा नाही, मधुमेह आहे. सोबत बहिणीची मुलगी शहीरा. ती त्यांना खालतो, म्हणजे मावशी, म्हणे. दोघी आधी शर्मला एका मोठ्या हॉटेलात उतरल्या होत्या.

"तिथे समुद्र होता," शहीराने फ्रेजाला सांगितले, "पण ऐकू येत नव्हता. रात्रभर धडधड धडधड. खालतो कानात कापूस घालून बसायची."

"मग इथे कोणी पाठवलं?"

"बसमध्ये एक बाई भेटली. म्हणाली, रास सय्यालला जा, तिथे रात्री बसता येतं."

"बसता तर कुठेही येतं," फ्रेजा म्हणाली. "ढुंगण सगळीकडे बरोबर असतं."

इन्शिराह इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला.

त्या रात्री त्या चौथ्या शेकोटीवर बसल्या. उस्ताझ बयूमी गात होते. बयूमी आमच्या शाळेत अरबी शिकवतात, मूळचे झगाझिगचे. आवाज फाटका, पण उत्साह दांडगा. किनाऱ्यावर त्यांच्याइतका आनंदी माणूस नाही असे सगळे म्हणत.

"अब्ला, तुम्ही भूगोलाच्या ना?" शाळेतल्या बाईंना म्हणतात तसे अब्ला म्हणत त्यांनी गाणे थांबवून विचारले. "मग सांगा, समोर पाण्यापलीकडे ते दिवे कोणाचे?"

"सौदीचे."

"चूक. माझ्या सासऱ्याचे. तिकडे नोकरीला आहे आणि रात्रभर दिवा लावून बघत असतो, जावई काय करतोय ते."

"त्याला ऐकू येत असेल तर सुटलास," शेजारून टॅक्सीवाला सलामा म्हणाला. "असं गाणाऱ्याला कोणी शोधायला येत नाही."

सुवेलिम चहा घेऊन आला तेव्हा इन्शिराहनी त्याला थांबवले. "शेख, इथे पोलीस विचारत नाहीत, कोण कोणाबरोबर आलंय?"

"विचारतात."

"मग?"

"मी सांगतो, मी झोपलो होतो."

"आणि वाळूवर दिसत नाही का सगळं?"

"वाळू मी पहाटे पुसतो."

"पुसताना तरी दिसत असेल."

उत्तर फ्रेजाने दिले. "पुसताना तो म्हातारा उंट असतो, अब्ला. मान खाली, पण डोक्यात चारा."

सगळे हसले. सुवेलिमही हसला. इन्शिराह चष्म्यातून त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी चहात साखर नको म्हणून हात आडवा केला.

एकच्या सुमारास शहीरा झोपायला गेली. इन्शिराह म्हणाल्या, मी अजून थोडी बसते.

साडेपाचला शहीरा उठली तेव्हा शेजारचे अंथरूण मोडलेले नव्हते. इंजेक्शनची पिशवी उशाशी होती आणि त्यातली रात्रीची सुई वापरलेली होती. रात्रीचे जेवण मात्र खालतोने चाखल्यासारखे करून ठेवून दिले होते, हे तिला तेव्हा आठवले. इन्सुलिन घेतलेले आणि पोट रिकामे. बाहेर येऊन तिने पाहिले तर किनारा कोरा होता. पाण्यापासून चार हातांवर, एका दगडाखाली, इन्शिराहची करडी शाल घडी करून ठेवलेली होती.

सात वाजेपर्यंत सगळे समुद्राकडे तोंड करून उभे होते. किनारा रक्षकांची एक बोट आली. शेजारच्या हौशी डायव्हिंगच्या तळावरून चार पाणबुडे नळकांडी लावून खडकापलीकडच्या खोल कड्यावर उतरले. पोलिसांच्या गाडीतून कप्तान हैसम आला, सोबत दोन शिपाई. हैसम तिशीचा, मन्सूराचा, आमच्याकडे येऊन त्याला वर्ष झाले होते. नुवैबाची माणसेही आली. कोणी बुडाले की येतात. बयूमी आले. सलामा आपली पिकअप घेऊन आला, सोबत त्याच्या बायकोचा भाऊ होता.

सुवेलिम वाळू पुसून झाल्यावर नऊपर्यंत झोपतो. फ्रेजाने त्याला हलवून उठवले. तो खाली आला, शालीपाशी उकिडवा बसला, शालीला हात लावला नाही.

"ती पाण्यात गेली नाही," तो म्हणाला.

हैसम वळला. "कशावरून?"

सुवेलिम उठून उभा राहिला. त्याने गुडघ्यांवरची वाळू झटकली.

"सुवेलिम, मी तुला विचारतोय. माझ्याकडे एक बोट आहे आणि एक गाडी आहे. दोन तासांत ऊन डोक्यावर येईल. माणसं पाण्यातून काढून डोंगरात घालायची तर मला कारण पाहिजे. तू माग पाहिलास?"

"मी पाहत नाही, साहेब. पुसतो."

"मग कशावरून म्हणतोस?"

शहीरा मधे आली. तिला या किनाऱ्याचे काही ठाऊक नव्हते. "तिला साखर कमी झाली की भान राहत नाही," ती म्हणाली. "उन्हात पडली तर दुपारपर्यंत नाही टिकणार. तुम्हाला माहीत असेल तर सांगा ना. अम्मो, काका, सांगा ना!"

सुवेलिमने जमलेल्या माणसांकडे पाहिले. तीस-एक जण असतील. निम्मे रात्री त्याच्या शेकोट्यांवर बसलेले होते. तेही त्याच्याकडेच बघत होते, आणि त्यांच्यातल्या काहींना तो काय करणार आहे हे हैसमच्या आधी कळले. बयूमींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसायला घेतला.

"बोल," फ्रेजा म्हणाली. "तोंडात काय धरून बसलायस? तुझा बाप मेला आणि तुझी ती बहीणही मेली. ही अजून जिवंत आहे."

"मधूनच नाही सांगता येत," सुवेलिम हळूच म्हणाला. "टोकापासून धरावं लागतं."

तो चालत उत्तरेच्या टोकाला गेला. माणसे मागोमाग गेली. तिथे त्याने डोळे मिटले, मोकळा हात झाप धरल्यासारखा पुढे केला आणि डावीकडून उजवीकडे हलवत, एकेक पाऊल टाकत बोलायला लागला.

"पहिली शेकोटी. चार माणसं, दोन बायका. त्यांतली एक अनवाणी, पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. ती दोनदा पाण्यापर्यंत धावत गेली. दुसऱ्यांदा एकटी नाही."

काहिराहून आलेल्या एका मुलीने आपले पाय गलाबियाच्या लांब झग्याखाली ओढून घेतले.

"दुसरी शेकोटी. इथे कोणी पाय पसरून नाही बसलं. गुडघे दुमडून बसलेले दोन जण, समोरासमोर. भांडत होते. टाच वाळूत घुसवून बसला की माणूस भांडत असतो. एक उठून गेला, दुसरा बराच वेळ तसाच."

हात हलत होता, पाऊल पुढे पडत होते. आवाजात चढउतार नव्हता. नाव तो कोणाचे घेत नव्हता. घ्यायची गरज नव्हती.

"तिसरी शेकोटी. चौथीवरून उठून आलेल्या टायरच्या चपला, उजवीची शिवण उसवलेली." सलामाने मान खाली घातली, उसवलेली चप्पल त्याच्या पायातच होती. "तो माग इथून उठून नवव्या खोपीपर्यंत गेला. दाराशी थांबला, वजन एका पायावरून दुसऱ्यावर. मग दारातून दोन माग निघाले आणि खडकाकडे गेले."

सलामाचा मेहुणा सलामाच्या पायाकडे बघत होता. मग त्याने नजर उचलली आणि सलामापासून दोन पावले बाजूला सरकून उभा राहिला.

"थांबव याला," सलामा म्हणाला. "कप्तान, हा काय चालवतोय? बाई शोधायचीय का माणसं नागवी करायचीत?"

हैसमने हात वर केला. "चालू दे."

"सय्यालच्या बाभळीमागे," सुवेलिम म्हणाला, "एक माणूस एकटाच. रबरी चप्पल, डावी टाच आतल्या बाजूने झिजलेली. पाठ झाडाला टेकलेली. बाटलीचं बूड वाळूत दाबल्याच्या तीन खुणा."

दोन्ही शिपाई समुद्राकडे पाहू लागले. हैसमने डावा पाय मागे घेतला. तो सरकारी बुटांत होता, पण डावा बूट कुठे झिजला होता हे सगळ्यांना दिसत होते.

"पुढे," तो म्हणाला. त्यानंतर त्याने पुरावा मागितला नाही. खिशातून बिनतारी यंत्र काढून त्याने बोटीला इंजिन बंद करून थांबायला सांगितले. इंजिन थांबले आणि किनाऱ्यावर फक्त सुवेलिमचा आवाज उरला.

मी या किनाऱ्यावर माग काढणारी बरीच माणसे पाहिली आहेत. समोर माग असताना त्यांनी सांगितलेल्या गोष्टी ऐकून माणूस गप्प होतो. इथे समोर काहीच नव्हते. झापाच्या रेघा ओढलेली सपाट वाळू होती आणि एक म्हातारा डोळे मिटून तिच्यावरून चालत होता. त्याने स्वतःच पुसलेली रात्र ओळीने पुन्हा उमटत होती. शेकोटीशेजारच्या विटांना, दोऱ्यांना, खुंट्यांना तो एकदाही अडखळला नाही. पाणबुडे वर आले होते. ते तोंडातली नळी काढून गुडघाभर पाण्यात तसेच उभे राहिले.

"इथे एक माणूस सगळे गेल्यावर आला," सुवेलिम म्हणाला. "बारीक पाय, पुढे टाकताना फाकतो. पाण्याशी बसला. दोन्ही बाजूंना मुठी आपटलेल्या. पुष्कळ वेळा."

कोणी कोणाकडे पाहिले नाही. बयूमींनी चष्मा डोळ्यांवर चढवला, काढला, पुन्हा चढवला.

"चौथी शेकोटी." सुवेलिम थांबला. हातही थांबला. "जाड बुडाची चप्पल, शहरातली. पाऊल छोटं, उजवा पाय जरा ओढतो. शेकोटीवरून पाण्याकडे गेली. दगडापाशी चवड्यांवर बसली. मग परतली. परतीचा माग जातानाच्या मागावर चढलेला होता. म्हणून म्हणतो, पाण्यात नाही गेली."

"कुठे गेली?" शहीरा.

तो वळला आणि डोळे न उघडताच किनारा ओलांडून रस्त्याच्या दिशेने चालू लागला. "खोपींमधून वर. सरळ नाही. वीस-बावीस पावलं झाली की उजवीकडे जाते, मग सावरते. रस्त्याच्या कडेला वाळू संपते. तिथपर्यंत माग होता. उलटा नव्हता."

"रस्त्यावरून परतीचा माग नव्हता," हैसम म्हणाला, "आणि ते तू पहाटे पाहिलंस."

"पाहिलं."

"मग?"

सुवेलिमने डोळे उघडले. "बाईमाणूस. आडोशाला गेली असेल. मी नजर वळवली आणि पुसला."

हे त्याने ज्या आवाजात बाकीचे सगळे सांगितले त्याच आवाजात सांगितले. शहीराने तोंडावर हात घेतला. माग तसाच ठेवला असता तर इथल्या शेळ्या राखणाऱ्या पोरीनेही साडेपाचलाच बाईला गाठले असते.

रस्त्यापलीकडे वादीचे, कोरड्या ओढ्याचे, तोंड आहे, गोट्यांचे आणि कातळाचे. तिथे माग उमटत नाही. हैसमने माणसे पसरायला सुरुवात केली, पण सुवेलिम कोणाची वाट न पाहता निघाला. फ्रेजा त्याच्या मागे. तिने चुलाणावरून चहाची पिशवी उचलली होती. तो खाली बघत नव्हता. उजवीकडे झुकत, सावरत, पुन्हा झुकत तो चालत होता, आणि थोड्या वेळाने हैसमच्या लक्षात आले की म्हातारा उजवा पाय ओढतोय. तो इन्शिराहसारखा चालत होता. जिथे वादी फुटते तिथे डावी वाट रुंद आणि सोपी आहे. सुवेलिमचा तोल त्याला उजवीकडे घेऊन गेला.

त्या अरुंद घळीत तो तीनशे पावले गेला. मग चढ लागला. चढाच्या मध्यावर सुटलेले दगड होते, ताजे, खालची ओल अजून वाळलेली नव्हती. त्याने पहिल्यांदा हाक मारली.

"अब्ला!"

उत्तर आले नाही. एका पुढे आलेल्या कातळाखाली त्यांचा पाय दिसला. घोटा सुजून काळा पडला होता. ऊन त्यांच्या गुडघ्यापर्यंत पोचले होते. वर सावली हातभर उरली होती. पावणेदहा झाले होते.

इन्शिराहचे डोळे उघडे होते, पण त्या कोणाला ओळखत नव्हत्या. "सातवीचा वर्ग," त्या म्हणाल्या. "दार लावा."

"लावलं," फ्रेजा म्हणाली. तिने पिशवीतून साखर काढली, बोटावर घेतली आणि त्यांच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळली. थोडी थांबली, पुन्हा चोळली. "चोख, माझे बाई. काल नको म्हणालीस ना? आता सगळी तुझीच."

चौथ्या की पाचव्या वेळी इन्शिराहनी गिळले. मग फ्रेजाने गोड पाणी घोटघोट पाजले. हैसम टोपी काढून त्यांच्या गुडघ्यांवर सावली धरून उभा होता. बऱ्याच वेळाने त्यांनी नजर फिरवली आणि ती सुवेलिमवर थांबली.

"मला खालून दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हणून जागा धरायला शाल ठेवली आणि वर आले."

"काय, अब्ला?"

"किनारा. तीस वर्षं फळ्यावर काढला. रेघ म्हणून. म्हटलं, एकदा वरून बघू." त्यांनी ओठ चाटले. "खरंच रेघच आहे हो. काळ्यावर काळी. आणि सात ठिपके. मी बसून मोजत होते, एकेक विझेपर्यंत. असलं काही... मग उतरताना पाय गेला."

हैसमने त्यांना पाठुंगळी घेतले. वादीच्या तोंडाशी सलामा पिकअप उभी करून होता. कोणी सांगितले नव्हते. त्याने मागे गादी टाकली, इन्शिराहला आणि शहीराला बसवले आणि दवाखान्याचा रस्ता धरला. सुवेलिम गाडीच्या दाराशी उभा होता. सलामाने काच वर केली.

संध्याकाळी निरोप आला की बाई शुद्धीवर आहेत, घोटा मोडला आहे, उद्या तन्ताला नेतील.

त्या रात्री सुवेलिमने सातही शेकोट्या पेटवल्या. काहिराची मंडळी दुपारीच गाशा गुंडाळून गेली होती. दहा वाजले, अकरा वाजले. सहा शेकोट्यांवर कोणी नव्हते. सातवीवर तो आणि फ्रेजा. ती भाकरी मोडत होती, खात नव्हती.

"पश्चात्ताप होतोय?" तिने विचारले.

"बाईचा नाही."

"मग?"

"सलामाच्या बायकोचा भाऊ दुपारी त्याच्या घरी गेला म्हणे. सामान घेऊन बहिणीला माहेरी आणलं." तो निखारे सारखे करत राहिला. "मीच आणलं."

फ्रेजाने मोडलेली भाकरी निखाऱ्यांच्या कडेला ठेवली.  सलामा त्यानंतर किनाऱ्यावर आलेला नाही. अजूनही येत नाही.

साडेअकराच्या पुढे कधीतरी उत्तरेकडून पाण्याचा आवाज आला. लाटेचा नव्हता, त्या रात्री लाट नव्हतीच. फ्रेजाने मान वळवली आणि नवऱ्याचा हात धरला.

ऑगस्टमध्ये काही रात्री आमच्याकडे पाणी पेटते. हलवले की निळे होते आणि विझते. उत्तरेच्या वळणापासून एक रांग पाण्यातून येत होती. माणसे घोट्याएवढ्या पाण्यात चालत होती, चपला हातात, कपडे वर खोचलेले. वाळूवर कोणी पाऊल टाकत नव्हते. प्रत्येक पावलाखाली पाणी निळे पेटत होते, पाऊल उचलले की विझत होते, आणि ती सगळी रांग काळ्या समुद्राच्या काठाने, पेटत विझत, शेकोट्यांकडे सरकत होती. बारा-तेरा जण असतील. पुढचा चालताना पाय फाकत होता. मधल्या एकाची डावी टाच आत वळत होती.

 बायकांच्या शेकोटीकडे, खडकाच्या दुसऱ्या बाजूनेही, पाणी उजळायला लागले.

सुवेलिम उठला. त्याने तोंड डोंगराकडे केले, पाण्याकडे पाठ केली आणि मोठ्याने विचारले, "कोण आहे?"

मागे पाऊल थांबले.  मग फाटक्या आवाजात उत्तर आले, "परदेशी पाहुणे, शेख. वाट चुकलोय. चहा मिळेल?"

"किती जण?"

"मोजले नाहीत," बयूमी म्हणाले. "अंधार आहे."

"या," सुवेलिम म्हणाला आणि तसाच, पाठ वळवून, ते सगळे बसेपर्यंत उभा राहिला.